काजू, मी आणि साठ सेंटिमीटर

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही ठरवून टाकला होता : 'संगणक आणि आपली मुलं'. मी म्हटलं, संगणक सोमवार ते शुक्रवार पुरतो, आज तरी नको. मग कशावर बोलशील? म्हटलं, घोड्यावर. पलीकडे जरा शांतता झाली. मग हळूच विचारलं गेलं, "बुद्धिबळातल्या का?" नाही. चार पायांच्या, लीद टाकणाऱ्या, खऱ्या घोड्यावर.

जे मला शाळेत ओळखायचे त्यांना हे खरं वाटणार नाही, आणि का ते मला ठाऊक आहे. आठवीत पी.टी.च्या तासाला सरांनी व्यायामशाळेतला लाकडी घोडा मैदानात आणवला होता. आठवतोय ना? कप्प्यांवर कप्पे रचलेला, वर चामड्याची गादी. धावत यायचं, हात टेकायचे आणि पाय फाकवून पलीकडे जायचं. वर्गात आपण ५४ जण. ५३ जण पलीकडे गेले, कुणी ऐटीत, कुणी धडपडत. मी धावत आले आणि घोड्याला दोन्ही हात लावून उभी राहिले. पुन्हा पाठवलं, पुन्हा उभी राहिले. तिसऱ्या वेळी अख्खा वर्ग टाळ्या वाजवून "उडी मार, उडी मार" ओरडत होता आणि मी रडत होते. सर, तुम्ही समोरच बसला आहात, आणि मला त्याचा राग मुळीच नाही. का सांगितलं ते पुढे येईल.

खऱ्या घोड्यावर मी चाळिशीत बसले, तेही फी वाया जाऊ नये म्हणून. पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात मुलीचं नाव घातलं होतं, तीन महिन्यांची फी आगाऊ. पाचव्या आठवड्यात तिला बॅडमिंटन आवडायला लागलं. फी परत मिळणार नव्हती. तुम्ही सगळे याच शाळेचे, त्यामुळे पुढचं सांगायला नको. उरलेले सात आठवडे मी वसूल करायला गेले आणि तिथेच राहिले.

पहिली चार वर्षं मी राणी नावाच्या घोडीवर शिकले. राणी सतरा वर्षांची, म्हणजे घोड्यांच्या हिशेबात आपल्यापेक्षा ज्येष्ठ. तिला सगळं येत होतं. मी चुकीची खूण केली तरी ती मला काय म्हणायचं असेल ते ओळखून बरोबर करायची, आपल्या मराठीच्या बाई उत्तरपत्रिका तपासायच्या तशी. तिच्यावरून मी छोट्या उड्याही मारू लागले. मला वाटलं, आपल्याला येतं.

मग तबेल्यात काजू आला. काजूच्या रंगाचा नाही हं, तांबूस. शर्यतीचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण आमच्या सईसाला ते म्हणता येईना, म्हणून काजू. वय चार वर्षं. या जातीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, जन्म कधीही झालेला असो. आपल्या वर्गात नाही का, हजेरीपटावर निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनला होता, तसंच.

शर्यतीच्या घोड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते दोन-अडीच वर्षांचे असतानाच पळायला लागतात. घोड्याची हाडं पायाकडून वर अशी पक्की होत जातात आणि पाठीचा कणा पुरता पक्का व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. म्हणजे शर्यत संपवून बाहेर पडलेला चार वर्षांचा घोडा अनुभवी दिसतो, पण असतो कॉलेजातला पोरगा. दुसरी गोष्ट लगामाची. आपण सिनेमात पाहिलेलं असतं, लगाम ओढला की घोडा थांबतो. शर्यतीच्या घोड्याला उलट सवय असते. जॉकी लगाम आवळून धरतो आणि घोडा त्यावर भार टाकून पळतो. लगाम ताणला जाणं हे त्याच्या लेखी 'चल, आता निघायचं' असं असतं. आता विचार करा, घाबरलेला माणूस काय करतो? लगाम ओढतो.

नवशिका घोडा आणि भित्रा स्वार ही जोडी मुळात लावूच नये. हे मला आमच्या उस्तादांनी सांगितलं होतं. उस्ताद म्हणजे आमचे शिक्षक. सैन्यात घोड्यांवर उमेद घालवलेले, साताऱ्याकडचे, निवृत्त. "ताई, एकाला तरी यायला पाहिजे ना," एवढंच म्हणाले होते. पण मी काजूच्या प्रेमात पडले होते, त्याचा निम्मा खर्चही उचलायला लागले होते, आणि पैसे भरले की माणसाला आपलं खरं वाटतं.

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी मी त्याला साठ सेंटिमीटरच्या आडव्या बांबूवर घातलं. साठ सेंटिमीटर म्हणजे किती, तर या टेबलापेक्षाही कमी. काजूला तो बांबू उडी न मारता ओलांडता आला असता. येताना मला वाटलं तो फार जोरात येतोय, मी लगाम ओढला. तो आणखी जोरात निघाला. मी आणखी ओढला आणि खाली बांबूकडे बघितलं. शेवटच्या पावलाला काजू अडला. मी अडले नाही. त्याच्या मानेवरून मी एकटीच पलीकडे गेले. उडी झाली म्हणायची, पण घोड्याविना. डाव्या गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात झोळीत.

घरी जे व्हायचं ते झालं. सासूबाई म्हणाल्या, "या वयात?" आईचं म्हणणं तेच, फक्त जास्त वेळा. ऑफिसात एका हाताने टाइप करताना रोज कुणीतरी विचारायचं, आणि मी हसून सांगायचे. हसू खरं नव्हतं. रात्री झोप लागता लागता तो थांबण्याचा झटका यायचा आणि मी दचकून उठायचे.

माझ्यापेक्षा मोठी अडचण काजूची होती. त्या दिवशी तो एक गोष्ट शिकला : थांबलं की पाठीवरचं ओझं जातं आणि काम संपतं. मी झोळीत असताना त्याच्यावर दुसरे बसले तर तो त्यांच्याखालीही दोनदा अडला. तबेल्याच्या मालकांनी सरळ सांगितलं की दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर विकावा लागेल. त्यांची चूक नव्हती. रोजचा खुराक, दर पाच-सहा आठवड्यांनी नाल, डॉक्टर. अडणारा घोडा कोण पोसणार? पण अडेल म्हणून एकदा नाव पडलं की असा घोडा हातोहाती फिरत जातो आणि दर वेळी आधीपेक्षा वाईट ठिकाणी पोचतो. मी लगाम ओढला म्हणून.

आपल्याला लहानपणी एक कोडं घालायचे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का कुजली? तिन्हींचं उत्तर एक : न फिरवल्यामुळे. उस्तादांना मी ते सांगितलं तर म्हणाले, "बरोबर हाय, पण आधी दुखतंय का ते बघायचं." त्यांनी काजूचे दात बघून घेतले, पाठ दाबून बघितली, नाल तपासले. शर्यत सुटल्यापासून काजूच्या खांद्यामागे मांस भरलं होतं आणि खोगीर तिथे आवळत होतं. खोगीर बदललं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. एक दोष सापडला की आपण खूश होतो आणि दुसरा तसाच राहतो. खोगीर बदलून काजू मोकळा चालू लागला, पण बांबू दिसला की कान मागे. दुसरा दोष माझ्या हातात होता, अगदी शब्दशः.

मे महिन्यात मी परत गेले. उस्तादांनी मला काजूवर बसवलंच नाही. मला राणी दिली आणि काजूवर तबेल्यातली एकोणीस वर्षांची एक मुलगी बसवली, जिला भीती कशाशी खातात ते माहीत नाही. मला अपमान वाटला. माझा निम्मा घोडा आणि त्याच्यावर दुसरीच. दोन महिने मी कुंपणाशी उभी राहून बघत असे. पण बघताना एक गोष्ट कळली. ती मुलगी उडीच्या वेळी काहीच करत नव्हती. काजू यायचा, ती हात पुढे सोडायची, तो मान लांब करायचा आणि जायचा.

घोडा उडी मारताना मान लांबवून तोल सांभाळतो. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. बांबूजवळ आल्यावर तो बांबू त्याच्या नजरेआड जातो. आधी जे पाहिलं त्याच्या भरवशावर तो उडतो. अशा वेळी वरच्याने तोंड ओढून मान आखडली, तर त्याचा तोलही गेला आणि भरवसाही. आश्चर्य म्हणजे माणसाला हे फार उशिरा कळलं. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठे लष्करी स्वार उडीवर मागे रेलून लगाम ओढून बसत आणि त्यालाच शास्त्र म्हणत. फेडेरिको काप्रिल्ली नावाच्या इटालियन घोडदळातल्या अधिकाऱ्याने घोडा स्वाराशिवाय कसा उडतो ते नीट पाहिलं आणि म्हटलं, स्वाराने पुढे झुकावं, घोड्याची मान मोकळी सोडावी. त्याचं कुणी लवकर ऐकलं नाही. पुढे सगळ्या जगाने तेच घेतलं. तो १९०७ मध्ये वारला, घोड्यावरून पडूनच. हे मी घरी सांगितलेलं नाही, कृपया कुणी सांगू नये.

भीतीबद्दल मला वाटायचं की ती मनात असते, मन घट्ट केलं की जाते. ती मनात नसते हो. ती श्वासात असते, गुडघ्यात असते. आपण श्वास रोखला की पाठ ताठ होते, गुडघे आवळले जातात, टाचा वर येतात आणि मांड सुटते. घोड्याच्या पाठीवर माशी बसली तरी त्याची कातडी थरथरते. त्याला आपले रोखलेले श्वास कळणार नाहीत का? आणि घोडा हा कळपातला प्राणी. शेजारचा दचकला तर कारण विचारत बसायचं नाही, पळायचं, ही त्याची हजारो वर्षांची शिस्त. मी ताठले की काजूला वाटायचं हिला काहीतरी दिसलंय. तो त्या बांबूला बुजत नव्हता, मला बुजत होता.

यावर उस्तादांचा उपाय ऐकून आपले गणिताचे सर खूश होतील. "ताई, पाढे येतात का?" म्हणाले. "मोठ्यांदा म्हणायचे. पाढे म्हणताना दम रोखता येत न्हाई." मग पंचेचाळीस वर्षांची मी, हेल्मेट घालून, सकाळी साडेसहाला, भर पावसाळ्यात, राणीच्या पाठीवर बाराचा पाढा ओरडत मैदानाला चकरा मारत होते. बाकीची मुलं मोबाइलवर शूटिंग करत होती. तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर येणार नाही याची मी व्यवस्था केली आहे. पण पाढ्यात दोन गुण आहेत. श्वास चालू राहतो, आणि लय राहते. लय बिघडली की पाढा अडखळतो आणि आपल्यालाच ऐकू येतं की आपण घाबरलो.

जुलैच्या शेवटी मला काजूवर बसवलं. उडी नाहीच. जमिनीवर बांबू. एक, मग तीन, मग पाच, दोन बांबूंत साधारण १.३५ मीटर अंतर, म्हणजे दुडक्या चालीत प्रत्येक पाऊल बरोबर मधल्या फटीत पडावं. पुढे राणी, मागे आम्ही. पहिल्या दिवशी काजू पाची बांबूंवर नाचत गेला. चौथ्या दिवशी मान खाली घालून, नाकाने फुर्र करत, कंटाळल्यासारखा गेला. उस्ताद खूश. मी म्हटलं, आता वाढवू या? "न्हाई. अजून तुम्ही कंटाळला नाय." आणि खरंच, मला त्या जमिनीवरच्या बांबूंची सुद्धा धाकधूक होती. लाज वाटायची सांगायला. त्यांना न सांगता कळत होतं. आम्ही दोघंही कंटाळेपर्यंत, म्हणजे आणखी दोन आठवडे, ते बांबू जमिनीवरच राहिले.

मग फुली आली. दोन बांबू एकमेकांवर तिरपे, मध्ये उंची जेमतेम तीस सेंटिमीटर. फुलीचा फायदा असा की मधला भाग सर्वांत खोल, त्यामुळे घोडा आपोआप मध्यावर येतो. तिच्या अलीकडे २.७ मीटरवर जमिनीवर एक बांबू. दुडक्या चालीत तो ओलांडला की पुढचं पाऊल उडीचंच पडतं. कुठून उडायचं हा निर्णय त्या एका बांबूने माझ्याकडून काढून घेतला, आणि काजूकडूनही. माझी निम्मी भीती त्या निर्णयाचीच होती हे तो गेल्यावर कळलं.

हाताचा प्रश्न त्यांनी एका जुन्या रिकिबीच्या वादीने सोडवला. ती काजूच्या गळ्यात बांधली आणि म्हणाले, आधार पाहिजे तर ही धरा, त्याचं तोंड नाही. नजरेसाठी मैदानाच्या टोकाचा कडुनिंब. बांबूकडे बघायचं नाही, कडुनिंबाकडे बघायचं. मी दोनदा खाली बघितलं. दोन्ही वेळा काजू डगमगला. तिसऱ्यांदा मी कडुनिंबाची पानं मोजल्यासारखी बघत होते, डाव्या हातात वादी, तोंडाने "बारा एके बारा", आणि आपण उडलो हे मला पलीकडे गेल्यावर समजलं.

एका दिवसात सात-आठ उड्यांवर कधीच नाही. चांगली झाली की तिथेच थांबायचं, खाली उतरायचं, तंग सैल करायचा. मला नेहमी आणखी एक मारावीशी वाटायची. पण आधी काजू शिकला होता की थांबलं की काम संपतं. आता त्याला शिकवायचं होतं की उडी मारली की काम संपतं. घोड्याला बक्षीस म्हणजे साखर नव्हे, सुटका. आणि एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. उंची वाढवली तर जागा तीच. जागा बदलली तर उंची खाली. प्रोग्रॅममध्ये आम्ही हेच करतो, आणि तरी घोड्यावर मला ते दुसऱ्याने सांगावं लागलं.

सगळं सरळ झालं असं समजू नका. सप्टेंबरमध्ये पन्नास सेंटिमीटरवर काजू पुन्हा अडला. मी पडले नाही, वादीला लटकले. कुंपणावर बसलेल्या कुणीतरी आवाज दिला, "एक चाबूक द्या, जाईल." उस्तादांनी तिकडे बघितलंही नाही. शांतपणे आले, बांबूचं एक टोक जमिनीवर टेकवलं. आम्ही चालत ओलांडला. मग दुसरं टोक टेकवलं, पुन्हा चालत. मग फुली. मग त्या दिवशी तेवढंच. घरी येताना गाडी बाजूला घेऊन मी थोडा वेळ रडले. आठवीतलं रडणं आणि हे रडणं एकच आहे असं मला तेव्हा वाटलं. नंतर लक्षात आलं, एक फरक होता. या वेळी कुणीतरी बांबू खाली घेतला होता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, मालक बघायला उभे असताना, आम्ही साठ सेंटिमीटरवर आलो. तोच बांबू, तीच जागा. काजूचे कान पुढे. मी पाढ्यात कुठपर्यंत आले होते सांगू? शपथेवर सांगते, जुळवून नाही : "बारा पंचे साठ". आणि गेलो. मागचा खूर बांबूला लागला, बांबू पडला, मालक म्हणाले "पडला". उस्ताद म्हणाले, "पडला तर पडला, अडला नाय ना." काजूची विक्री सध्या तरी टळली आहे. पुढच्या दिवाळीचं पुढच्या दिवाळीला.

भीती गेली का, असं काल रात्री एका मैत्रिणीने विचारलं. नाही. दर रविवारी गाडीत बसताना पोटात गोळा येतो. आता निदान तो कुठे येतो आणि किती वाजता येतो ते ठाऊक आहे.

मघाशी जेवणाआधी मी व्यायामशाळेत डोकावून आले. लाकडी घोडा कोपऱ्यात अजून आहे. गादी फाटली आहे. जवळ जाऊन पाहिलं, पाच कप्पे. हलवून बघितलं तर वरचे कप्पे सुटे निघतात, खाली दोनच ठेवता येतात. आठवीत मला हे माहीतच नव्हतं. सर, तुमच्याकडे तेव्हा ५४ मुलं आणि ३५ मिनिटं होती, त्यात कप्पे कोण काढत बसणार, हे आता मला समजतं. उस्तादांसमोर फक्त मी आणि एक घोडा होतो.

सर हसताहेत. साडी नेसले आहे, त्यामुळे आज उडी नाही, आधीच सांगते. पण चहानंतर दोघं-तिघं मदतीला या. ते वरचे तीन कप्पे उतरवून ठेवू. संयोजकांनी सांगितलंय की इथल्या आठवीच्या मुली उद्या सकाळी खेळाच्या तासाला येणार आहेत.